लघवीचं शेडकार्ड

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण, प्रकृती.
डॉक्टरीणबाईंकडे ब्लडप्रेशर दाखवायला गेलो होतो. ठीक निघालं. उठता उठता त्यांनी विचारलं, पाणी किती पिता? भरपूर, म्हटलं. खरं तर दुकानात दिवसभरात दोन ग्लास होतात. मग लघवीचा रंग विचारला. पिवळा, म्हटलं. त्या म्हणाल्या, पिवळ्यातही फरक असतो. फिकट पिवळा असला तर छान. गडद झाला तर पाणी कमी पडतंय. कोऱ्या चहासारखा दिसला तर लिव्हरची शंका. लालसर दिसला तर वाट बघत बसू नका, सरळ इथे या.
पेंटच्या दुकानात शेड मिसळायला लागून मला एकतीस वर्षं झाली. आणि पिवळ्यातही फरक असतो, हे मला सांगतायत. हसू आलं, दाखवलं नाही. पण घरी येताना लक्षात आलं की मेडिकल सायन्सला आज पहिल्यांदाच माझ्यासारख्या माणसाची गरज पडली आहे. बाकीचे नुसते बघतात. शेड ओळखणारा लाखात एक.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
पहिलं निरीक्षण. गडद पिवळा, नारिंगीकडे झुकलेला. नंबर अकरा. वेळीच लक्ष घातलं म्हणायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुकानातून जुनं शेडकार्ड आणलं. पिवळ्याच्या सोळा पट्ट्या कापल्या, फिकटपासून गडदपर्यंत नंबर घातले, बाथरूमच्या आरशाशेजारी चिकटवल्या. बायकोने विचारलं, हे काय? समजावलं. ती म्हणाली, तिथे मी दात घासते. पट्ट्या फ्लशच्या टाकीवर हलवल्या.
एक निराशा. कार्ड जुनं होऊन पिवळं पडलंय. नंबर एकची पट्टी जवळजवळ पांढरी हवी, ती चांगली लोण्याच्या रंगाची दिसते. कंपन्यांची क्वालिटी राहिली नाही. हरकत नाही. पट्ट्या घरच्यांसाठी. मला कार्ड लागत नाही, सोळाच्या सोळा शेड डोक्यात आहेत.
संकल्प: रोज तीन लिटर पाणी. चहा बंद. पंधरा दिवसांत नंबर दोन.

५ फेब्रुवारी
चहा एकदम बंद करणं शरीराला झेपत नाही. हळूहळू. आज चारच.

८ फेब्रुवारी
तीन लिटर पिऊनही अकरा. आत वर्षानुवर्षांचा साठा असणार, निघायला वेळ लागेल.
दुकानात दिवसातून नऊ वेळा मागे जावं लागतं. टॉयलेट गोदामाच्या पलीकडे, थिनरच्या पिंपांमधून वाट काढत जायचं. मालकाने विचारलं, बरं आहे ना? मालक आणि मी एकाच वर्षी या दुकानात नोकर म्हणून लागलो. पुढे त्याने दुकान घेतलं, मी शेड घेतल्या. त्याला सगळं नीट समजावलं. तो म्हणाला, या वयात जरा होतंच. हा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

१० फेब्रुवारी
बायकोशी शब्दाला शब्द. माझे पांढरे शर्ट पिवळे का पडतात, हा प्रश्न मी दीड वर्षं विचारतोय. आज तिने शर्ट खिडकीशी धरला आणि म्हणाली, हा पांढरा आहे. म्हटलं, पांढरा म्हणजे काय ते तू मला सांगू नकोस, माझा धंदा आहे तो. ती म्हणाली, मग यापुढे तुम्हीच धुवा. शर्ट माझ्या हातात.
दुपारी शांतपणे विचार केला. ग्लासातलं पाणी उजेडात धरून बघितलं. किंचित पिवळसर. म्हणजे शर्टांचा आणि लघवीचा गुन्हेगार एकच. पाणी. बायकोची माफी मागायला हवी. योग्य वेळ बघून मागेन.

११ फेब्रुवारी
प्लंबर आला. टाकी बघितली, नळ सोडून बघितले, एक ग्लास स्वतः प्यायला. म्हणाला, काही नाही, काचेसारखं आहे. प्लंबर लोकांना रंगाची जाण कुठून असणार.
शर्ट मी स्वतः धुतले. दोनदा. पिवळेच. पावडर निकृष्ट आहे. पावडर बायको आणते. माफी तूर्तास लांबणीवर.

१४ फेब्रुवारी
जावयाची लॅब आहे, रक्त-लघवी तपासायची. माणूस सज्जन, पण पुस्तकी. सकाळचा नमुना दुकानातल्या छोट्या टेस्टर डब्यात भरून नेला, झाकणावर आमच्या पद्धतीप्रमाणे तारीख आणि शेड, 'नं. १०'. बाकावर बसलेली एक पेशंट म्हणाली, लॅबला नवा रंग काढताय वाटतं, बरं होईल. जावयाने डबा दोन बोटांनी धरला आणि हळूच म्हणाला, बाबा, बाटली आम्ही देतो.
संध्याकाळी रिपोर्ट. साखर नाही, प्रथिनं नाहीत, रक्त नाही. रंग: अगदी फिकट. म्हटलं, इथे चूक आहे. तो म्हणाला, मी स्वतः बघितलंय बाबा. त्याच्या खोलीत दोन ट्यूबलाइट, त्याही म्हाताऱ्या. त्या उजेडात कळणार काय. मन राखायला म्हटलं, तुमचा हा क्रीम कोट मात्र छान दिसतो, पांढऱ्यापेक्षा बरा. त्याने कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कौतुक पचवता येत नाही बिचाऱ्याला.
जेवणानंतर बायको मुलीशी फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी गेल्यावर गप्प. माझा वाढदिवस जवळ आलाय, त्याचं काहीतरी शिजतंय. कळलं नाही असं दाखवलं.

१७ फेब्रुवारी
दाताच्या डॉक्टरांना वेटिंग रूमच्या भिंतीवर एक पॅच मारायचा आहे. सोफा हलवताना रंगाचा पोपडा निघाला. साधं काम. भिंत पांढरी. मालक म्हणाला, पोपडा मागवून घेऊ, मशीनवर मॅच करू. म्हटलं, दाढ काढायला गेलो होतो तेव्हा ती भिंत अर्धा तास बघितली आहे, डोक्यात आहे. लिटरभर मिसळला आणि स्वतः नेऊन दिला.
पाणी: पाच लिटर. शेड: दहा. पंधरा दिवसांची मुदत उद्या संपते. मुदत महिन्याची केली. घाईत केलेलं काम टिकत नाही.

१९ फेब्रुवारी
दाताचे डॉक्टर दुकानात आले. पॅच निळा दिसतो म्हणे. मालक आणि मी जाऊन बघून आलो. मला भिंत आणि पॅच सारखेच. मालक पॅचच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. डॉक्टर म्हणाले, पेशंट आता त्या पॅचकडेच बघत बसतात. म्हटलं, दाढ ठणकत असली की माणसाला काहीही दिसतं. कोणी हसलं नाही. मग मला त्यांचं टॉयलेट वापरावं लागलं. दोनदा.

२१ फेब्रुवारी
लिहायचं नव्हतं, पण रोजनिशीशी प्रामाणिक राहायचं ठरवलंय.
रंगाचा डबा गदागदा हलवायच्या मशीनला आम्ही शेकर म्हणतो. झाकण ठोकून बसवायचं, डबा पकडीत आवळायचा, मग बटण. मी वीस लिटरचा डबा लावला, बटण दाबलं आणि त्याच क्षणी मला जावं लागलं. हल्ली विचार करायला वेळ मिळत नाही. पिंपांमधून पळत गेलो, निवांत परतलो, तोवर वीस लिटर हिरवा रंग सगळ्यांना सारखा वाटला गेला होता. काउंटर, पंखा, कॅल्क्युलेटर, शेड बघायला आलेलं नवं जोडपं, मालकाचा चष्मा. झाकण ठोकायचं राहिलं होतं. तसं बघितलं तर दोष मशीनचा. झाकण सैल असलं तर मशीन चालूच होता कामा नये.
मालक चष्मा पुसत म्हणाला, तू घरी जा, थोडे दिवस आराम कर. म्हटलं, हिरवा पुसून जातो. तो म्हणाला, हिरवा नाही रे, निळा आहे तो. चष्मा रंगाने भरलेला असताना त्याला काय दिसणार. वाद घातला नाही.

२३ फेब्रुवारी, दुपारी
सक्तीची सुट्टी. बायको घरीच कपडे अल्टर करते, पँट आखूड करणं, चेन बदलणं वगैरे. आज तिने पलंगावर दोऱ्याची चौदा रिळं मांडली. म्हणाली, रंग रंग वेगळे करून द्या, माझा गोंधळ होतोय. तिने रंगाच्या बाबतीत माझी मदत मागितल्याला किती वर्षं झाली असतील. खुशीत बसलो. पाच मिनिटांत काम फत्ते. पांढरी चार, हिरवी तीन, काळी सात. म्हटलं, एवढी काळी कशाला घेऊन ठेवतेस?
ती बघत राहिली. मग एकेक रीळ उचलून डब्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.
बोलती बंद झाली तिची. एकतीस वर्षांची नजर काय असते, ते आज समोर बघायला मिळालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायको म्हणते, डोळे दाखवून येऊ. म्हटलं, दुखणं कुठे आणि तपासणी कुठे. ती म्हणाली, ऐका माझं एकदा. म्हटलं, आधी नंबर दोन, मग डोळे.

२५ फेब्रुवारी
सात लिटर. आठवडाभर निकराने प्यायचं ठरवलंय. रिकामा वेळ आहे, त्याचा उपयोग करू.
डोकं जड आहे. दुपारी मळमळलं. शरीर साफ होताना असं होत असणार. अंगठी निघत नाही, बोटं सुजल्यासारखी. बायकोने पाण्याचा जग कपाटावर ठेवला. स्टूल घेऊन काढला. तिने स्टूल शेजारी नेऊन ठेवलं. नळाखाली ओंजळ धरून प्यायलो.

२६ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
नऊ. पहिल्यांदा एक आकडी. डोळ्यांत पाणी आलं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, झोपा आता.

२७ फेब्रुवारी
टाकीवरच्या पट्ट्या हलतायत. नंबर लागत नाही. उद्या बघू.

३ मार्च
तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. जमेल तसं लिहितो.
२७ तारखेला बाथरूममधून बाहेर येताना पाय वळले आणि पडलो. पुढचं मला आठवत नाही, बायकोने सांगितलेलं आहे. तिने मालकाला फोन केला. तो डिलिव्हरीला निघालेला टेम्पो तसाच वळवून घेऊन आला. प्रायमरच्या डब्यांमध्ये मला आडवं घातलं, मालक शेजारी बसून डबे धरत होता आणि बायको मला. मी वाटेत त्या दोघांना लोण्याची शेड आणि हस्तिदंती शेड यातला फरक समजावत होतो म्हणे.
जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरलं होतं. सलाइनमधून हळूहळू वर आणलं, आणि प्यायचं पाणी मोजून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी प्या म्हटलं होतं, विहीर प्या म्हटलं नव्हतं. अजून थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते, असंही म्हणाल्या. हे त्या हसत म्हणाल्या नाहीत.
मग नमुन्याची बाटली माझ्यासमोर धरली. रंग कोणता? म्हटलं, पिवळा, नऊ, फार तर साडेआठ. त्या म्हणाल्या, याला रंगच नाही, हे नळाच्या पाण्यासारखं आहे. मग डोळ्यात बॅटरी मारून बघितली. विचारलं, माझा कोट कोणत्या रंगाचा? क्रीम, म्हटलं. त्यांनी बायकोकडे बघितलं.
बायकोने पिशवीतून रिळांचा डबा काढला. तो हॉस्पिटलमध्ये कशाला आणला, कोण जाणे. माझी सात काळी रिळं तिने खिडकीत ओळीने मांडली. आणि एकेकावर बोट ठेवून सांगत गेली. काळं. काळं. गडद निळं. निळं. निळं. जांभळं. चॉकलेटी. आवाज अगदी साधा, गिऱ्हाइकाला सांगावं तसा. मी वाकून बघितलं. डोळे चोळून बघितलं. सात काळी.
 

६ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. म्हणाले, डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. म्हटलं, मला कळलं कसं नाही, रंग हा माझा धंदा आहे. ते म्हणाले, हळूहळू होतं, म्हणून कोणालाच कळत नाही. कोणालाच, या शब्दाने जरा बरं वाटलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, मला कळलं होतं.
शर्टांबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, पावडरबद्दल पण मागा. मागितली.

७ मार्च
मालक घरी आला. काम कधी सुरू करू, विचारलं. त्याने चहा संपवला. मग म्हणाला, एक सांगायचं होतं. वर्षभर मी मिसळलेला प्रत्येक डबा तो मी घरी गेल्यावर मशीनवर तपासत होता आणि दुरुस्त करत होता. दाताच्या डॉक्टरांचा डबा मी स्वतः हातात नेऊन दिला, तेवढा निसटला. म्हटलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, कसं बोलणार, शेड तूच शिकवल्यास मला.
वर्षभर या माणसाने माझ्यामागे दुप्पट काम केलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. खरं तर मला राग यायला हवा. शोधतोय, सापडत नाही.
तो जिना उतरल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये बसून होतो. कारण नव्हतं.

८ मार्च
पट्ट्या काढून टाकल्या. टाकीवर डिंकाचे सोळा डाग राहिले. पाणी आता तहान लागली की. दिवसातून पाच वेळा जातो, चारचौघांसारखा.

१८ मार्च
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा मिनिटं. घाबरलो नाही. नर्सचा हात धरला होता, पण तो तिलाच आधार वाटावा म्हणून.

१९ मार्च, सकाळी
पट्टी काढली. पहिल्यांदा डॉक्टरांचा कोट दिसला. पांढरा. इतका पांढरा की डोळा मिटला. मग जावयाचा, तो लॅबमधून तसाच आला होता. तोही पांढरा. त्याने विचारलं, कसं दिसतंय बाबा? म्हटलं, तुमच्या ट्यूबलाइट चांगल्या आहेत हो. तो म्हणाला, त्या लॅबमध्ये आहेत बाबा, हे हॉस्पिटल आहे.
बायकोचे केस माझ्या समजुतीपेक्षा बरेच पांढरे झालेत. तिने साडी नेसली होती ती मी राखाडी समजत होतो. निळी आहे. सुरेख निळी. चार वर्षं राखाडी म्हणत होतो आणि तिने ती तरीही नेसली.

१९ मार्च, संध्याकाळी ५.३०
घरी आलो. हॉलमध्ये पाय ठेवला आणि तिथेच थांबलो.
मुलीच्या लग्नाआधी हॉलची मोठी भिंत मी स्वतः रंगवली होती. शेड माझी स्वतःची, कुठल्याही कार्डात नाही. दुधासारखी पांढरी, पण थंड नाही. तीन वेळा मिसळून, तीन वेळा फेकून, चौथ्यांदा जमली होती. आल्यागेल्याला दाखवत असे. लोक म्हणायचे, वेगळीच आहे हो. मला वाटायचं, कौतुक करतायत.
भिंत जांभळी आहे. फिकट, पण जांभळीच. जुन्या शाईचा डाग धुवून पुसट व्हावा तशी.
बायकोला विचारलं, पहिल्या दिवसापासून अशीच? ती हो म्हणाली. मुलीला माहीत होतं? हो. जावयाला? तो लग्नाचं बोलायला आला तेव्हा त्यानेच विचारलं होतं, अशी का आहे. म्हटलं, मग कोणीच मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही रोज संध्याकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचात. एवढे खूश दिसायचात. सांगायचं जिवावर आलं.
खुर्चीत बसलो. रंगवून दोन वर्षं होऊन गेली, पाहुणे येऊन गेले, लग्नाचे फोटो याच भिंतीसमोर काढले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू म्हणतात. बघू, म्हटलंय मी. घाई काय आहे.
मग सहज उजवा डोळा मिटून बघितलं. दुधासारखी पांढरी, पण थंड नाही. तसाच बसून राहिलो.
बायको चहा घेऊन आली, शेजारची खुर्ची ओढून बसली. विचारलं, कुठला डोळा मिटलाय? उजवा, म्हटलं. ती म्हणाली, बरं, चहा होईपर्यंत राहू दे.